झिंक मारा म्हणे!

मेथी पिवळी का पडते हे विचारायला गेलं की कृषी केंद्रवाला मान वर न करता पुडी पुढे सरकवतो. "झिंक मारा, भाऊ. सोबत फेरस पण घ्या." अरे, मागच्या हंगामात मारलं, त्याच्या आधीही मारलं! आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत झिंक-लोह कमी पडतं हे जळगाव जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण पिवळे पडतात ते फक्त नाल्याकडचे वाफे. विहिरीकडचे हिरवेगार. नाल्याकडचं रोप उपटून बघा, मुळ्या आखूड, बोटभरसुद्धा खाली गेलेल्या नाहीत. त्याचं औषध पुडीत कुठून असणार? दुखणं बांधापलीकडे आहे.

बांधापलीकडची जागा आमच्याच एका भाऊबंदानं जुन्या बॅटऱ्या गाळून शिसं काढणाऱ्यांना भाड्यानं दिलीय. दिवसा बघायला जाल तर चार पत्रे आणि एक ताडपत्री. अंधार पडला की धंदा सुरू. कुऱ्हाडीनं बॅटरी फोडायची, ॲसिड नाल्यात ओतायचं, प्लेटा कोळशासोबत भट्टीत. नुसतं शिसं 327 अंशाला वितळतं, पण प्लेटांवरच्या लेपातलं शिसं मोकळं करायला आच त्याच्या कितीतरी वर न्यावी लागते, आणि मग त्याची वाफ धुरासोबत उडते. इथे ना चिमणी, ना गाळणी. सकाळी मेथीच्या पानावरून बोट फिरवा, राखाडी पीठ लागतं. हीच मेथी आम्ही बाजारात नेतो आणि घरीही खातो.

म्हटलं, माती तपासू. 2015 पासून मृदा आरोग्य पत्रिका निघते, तिच्यात बारा गोष्टी असतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त (म्हणजेच झिंक), लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन. शिसं नाही. कॅडमियम नाही. विचारलं तर "त्याचा रकानाच नाही हो." म्हणजे मी शेतात काय टाकलं ते सरकार मोजणार, आणि दुसऱ्यानं माझ्या शेतात काय टाकलं ते मी पदरच्या पैशानं खासगी लॅबमध्ये जाऊन मोजून आणायचं! बरं, त्या पत्रिकेत नाल्याकडच्या मातीत जस्त "पुरेसे" लिहून आलंय. ती दाखवली तरी कृषी केंद्रवाला म्हणतो, "तरी एक फवारणी घ्याच."

एक साहेब मात्र अभ्यासू निघाले. म्हणाले, "आपल्या जमिनीचा सामू आठच्या आसपास, चिकणमाती भरपूर, ती शिसं धरून ठेवते. पिकात फार जात नाही. टेन्शन घेऊ नका." साहेब, धरून ठेवते म्हणजे जात नाही ना! औषध फवारलं तर कालांतरानं त्याचं विघटन होतं. शिसं मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही, उडत नाही, वरच्या वीतभर थरात पिढ्यान् पिढ्या बसून राहतं. आणि नाल्याकाठी रोज ॲसिड पडलं तर चुनखडी किती दिवस टिकणार? सामू खाली आला की धरून ठेवलेलं सुटायला लागतं. वांग्यात, केळीच्या घडात शिसं कमी पोचतं, मान्य. मग मेथी, पालक, मुळा यांचं काय? पानावर बसलेल्या धुळीचं काय? बांधावरचं गवत खाणाऱ्या गाईचं काय? लेकरांसाठी तर शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. टेन्शन मी नाही घ्यायचं तर कोणी घ्यायचं?

तक्रार केली नाही असं समजू नका. उत्तर काय, तर "भट्टी चालू असतानाचे फोटो द्या." रात्री फोटो काढायला मी जाऊ? आणि तुम्ही पाहणीला येणार दुपारी बारा वाजता, तेही आधी कळवून! विझलेला कोळसा बघून पंचनामा झाला, "सदर ठिकाणी काही आढळून आले नाही." नोंदणी असल्याशिवाय बॅटऱ्या गाळता येत नाहीत. आधी 2001 चे नियम होते, आता 2022 चे आहेत. नियमांना तोटा नाही भो, रात्री दहानंतर शिवारात फिरणाऱ्या माणसाला तोटा आहे.

कॅनडात ट्रेल नावाच्या गावी शिसं-जस्त गाळायचा मोठा कारखाना होता. त्याचा धूर सीमा ओलांडून अमेरिकेतल्या शेतांवर यायचा, गंधकाच्या धुरानं पिकं आणि झाडं करपायची. दोन देशांनी लवाद नेमला, नुकसानभरपाई ठरली, आणि 1941 मध्ये निकाल आला की आपल्या हद्दीतल्या धुरानं दुसऱ्या देशाचं नुकसान करायचा हक्क कुणालाच नाही. तिथे दोन देशांच्या मधली हद्द होती. माझ्या इथे एक बांध आहे, तोही अर्धा माझ्याच भाऊबंदाचा, आणि निकाल लागत नाही.

भाऊबंदाला बोललो तर म्हणतो, "तुला माझं भाडं बघवत नाही." घ्या! वड्याचं तेल वांग्यावर. सातबारा माझ्या नावावर, पीक माझं, बदनामी माझी, आणि जळकुटाही मीच.

सगळ्यात डोकं फिरलं ते पाणंदीवरून. भट्टीतला काळा, जड खंगर ट्रॉलीनं आणून गाऱ्यात टाकला, आणि गाव खूश. फुकटात खडी मिळाली, बैलगाडी रुतत नाही! पावसाचं पाणी त्याच्यावरून वाहत थेट माझ्या वाफ्यात उतरतं. ग्रामसभेत म्हटलं, पावसाळ्याआधी हे उचला आणि साधा मुरूम टाका. तर सरपंच म्हणतात, "अण्णा, इतका चांगला रस्ता कोणी उखडतं का?"