पुढच्या महामारीआधी कर्ज काढून ठेवा

तुमचा छोटासा धंदा असेल, तर आजच्या आज बँकेत जाऊन कर्ज काढा. गरज आहे की नाही, हा विचार करत बसू नका. आमच्या घरात तीन पिढ्या तो विचार करत बसल्या, म्हणून मी आज फुकट सल्ले देतोय.

गिरगावात आमचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. आजोबांनी थाटलं, वडिलांनी चालवलं, आणि दोघांनी बँकेचा एक रुपया उचलला नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आमच्याकडे इतकं मुरलेलं की पाय पोटाशी घेऊन झोपायची सवयच लागली. मग २५ मार्च २०२० ला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, टाळेबंदी सुरू झाली. पाडवा ते जून ही आमची सुगी. बांधून तयार असलेल्या गठ्ठ्यांमध्येच मुहूर्त उलटून गेले. पुढे लग्नाला पन्नास माणसांची परवानगी मिळाली. पन्नास माणसांना पत्रिका कोण छापतं? तेवढे तर आपल्याकडे नुसते रुसणारे असतात. एप्रिल २०२१ मध्ये तर आकडा पंचविसावर आला, लग्न दोन तासांत उरकायचं आणि नियम मोडला तर ५० हजार दंड. तेवढ्यात आमच्या हजार पत्रिका छापून झाल्या असत्या, त्याही सोनेरी अक्षरांत, गणपतीसकट.

पण मी आशा सोडली नव्हती. १२ मे २०२० च्या रात्री आठ वाजता २० लाख कोटींचं पॅकेज जाहीर झालं, तेव्हा घरातले सगळे टीव्हीसमोर होतो. छापणाऱ्याची सवय, म्हणून कागदावर आकडा मांडून पाहिला : दोनावर तेरा शून्यं. पुढचे पाच दिवस अर्थमंत्री पत्रकार परिषदा घेऊन तपशील सांगत होत्या, आणि शेवटी बेरीज आली २०,९७,०५३ कोटी. त्यातले ८,०१,६०३ कोटी हे रिझर्व्ह बँकेच्या उपायांचे होते, आणि मार्चमध्ये जाहीर झालेलंही त्यातच धरलेलं होतं. साखरपुड्यात दिलेली साडी लग्नाच्या आहेराच्या यादीत पुन्हा लिहिणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यामुळे मला काही वावगं वाटलं नाही.

त्यात आपल्यासारख्यांसाठी खास होते ३ लाख कोटी. तारण नको, सरकारची शंभर टक्के हमी. मी इस्त्रीचा शर्ट घातला, मास्क लावला आणि बँकेत गेलो. मॅनेजरसाहेब भले माणूस. म्हणाले, "२९ फेब्रुवारी २०२० ला तुमच्या डोक्यावर जेवढं कर्ज होतं, त्याच्या वीस टक्के मिळतील."

"माझ्या डोक्यावर कर्ज नाही."

"मग शून्याचे वीस टक्के," ते म्हणाले. शाळेत गणितात नापास झालेल्या माणसालाही हे उदाहरण सुटलं असतं. मला मात्र घरी येईपर्यंत सुटलं नाही.

आमच्या शेजारच्या गाळ्यातल्या सद्गृहस्थांवर २० लाखांचं कर्ज होतं. त्यांना बँकेचाच फोन आला, की साहेब, तुमचे चार लाख मंजूर आहेत, नको असतील तर तसं कळवा. वर्षभर मुद्दल फेडायचं नाही, फक्त व्याज भरायचं, तेही सव्वानऊ टक्क्यांच्या वर नाही. इतकी वर्षं मी त्यांच्याकडे पाहून मनात म्हणायचो, काय हा माणूस, सगळं उसनवारीवर. आता नमस्कार करतो.

आणि ती हमी. ती तुम्हाला आहे असं समजून पेढे वाटू नका. हमी बँकेला. तुम्ही बुडालात तर बँकेचे पैसे सरकार देणार. तुम्ही बुडू नये यासाठी काय, तर आणखी कर्ज. (ब्रिटनमध्ये त्याच काळात कामगारांच्या पगाराचे ८० टक्के, महिन्याला २,५०० पौंडांपर्यंत, सरकार भरत होतं. पण तिकडचं सोडा, तिकडे लग्नाला मुळात माणसंच पन्नास येतात.)

पगारांचं म्हणाल, तर आपल्याकडेही सोय होती. मालकाचा आणि कामगाराचा, दोघांचाही पीएफ काही महिने सरकारने भरला. अट एवढीच, की माणसं शंभरापर्यंत असावीत आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांचा पगार पंधरा हजारांच्या आत असावा. आमच्याकडे माणसं तीन. पीएफचा कायदा लागू व्हायलाच वीस लागतात. तेव्हा माझा सल्ला : आणखी सतरा जण नेमा, आणि त्यातल्या कुणालाही चांगलं काम केलं म्हणून पगारवाढ देऊन स्वतःचं नुकसान करून घेऊ नका.

कर्जदार असाल तर आणखी एक चैन. मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते न भरण्याची मुभा होती. व्याज चढत राहिलं, ते वेगळं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि सरकारने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर व्याज सोडलं नाही, व्याजावरचं व्याज सोडलं. मला तेवढंही सोडता येईना. माझ्याकडे सोडण्यासारखं कुणी काही ठेवलंच नव्हतं.

कर्ज जमत नसेल तर रिक्षा घ्या. एप्रिल २०२१ च्या ५,४७६ कोटींच्या राज्याच्या पॅकेजमध्ये परवानाधारक रिक्षाचालकाला १,५०० रुपये होते. फक्त गिरगावात राहून हे जमणार नाही, कारण रिक्षा शीव-माहीमच्या अलीकडे येत नाही. किंवा फेरीवाले व्हा, त्यांनाही १,५०० होते. पण नोंदणीकृत. आमच्या दुकानासमोर वडापावची गाडी लावणारा मला विचारायचा, "शेठ, नोंदणी कुठे होते?" मी त्याला सांगितलं, होत नाही, झालेली असावी लागते.

मी छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी उद्यम पोर्टलवर नोंदणी केलीय. १ जुलै २०२० ते मार्च २०२५ या काळातल्या व्याख्येप्रमाणे यंत्रसामग्रीत एक कोटीपर्यंत गुंतवणूक आणि पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म ठरायचा. प्रमाणपत्र लॅमिनेट करून गल्ल्याच्या वर लावलंय. विषाणूही सूक्ष्मच होता, पण त्याची दखल सगळ्यांनी घेतली.

गेल्या महिन्यात मी पाच लाखांचं कर्ज काढलं. पैसे जसेच्या तसे खात्यात आहेत, व्याज जातंय. आईला अजून सांगितलेलं नाही. फॉर्मवर 'कर्जाचा उद्देश' असा रकाना होता, तिथे मी लिहिलं : पुढची महामारी. मॅनेजरसाहेबांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं, ते खोडलं आणि त्यांच्या सुरेख अक्षरात लिहिलं : खेळतं भांडवल.