‘वनहक्क म्हणजे जंगलतोडीचा परवाना’ : हा मेसेज का खोटा आहे

सध्या ग्रुपाग्रुपांतून एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं : वनहक्क कायदा म्हणजे आदिवासींना दिलेला जंगलतोडीचा परवाना. जंगल टिकवायचं तर ते वनखातं आणि कंपन्या यांच्या शास्त्रशुद्ध व्यवस्थापनाखालीच हवं. आणि एक झाड तोडलं तरी दहा लावता येतात, तेव्हा गावांनी तोड अडवू नये.

परवान्याचं आधी बघू. २००६च्या या कायद्याने गावाला मालकी मिळते ती गौण वनोपजावर : बांबू, तेंदूपत्ता, मोहफुलं, मध, डिंक. इमारती लाकूड त्यात येतच नाही. कसत असलेल्या जमिनीचा दावा १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून ताब्यात असलेल्या जमिनीवरच करता येतो, तोही जास्तीत जास्त ४ हेक्टर. त्यानंतर अतिक्रमणं झाली, हे खरं आहे आणि ती रोखलीच पाहिजेत. पण ती कायदा मोडून झाली आहेत. याच कायद्याच्या कलम ५ने जंगलाची नासधूस थांबवण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलाय.

आता ‘शास्त्रशुद्ध व्यवस्थापन’. उत्तर कन्नड जिल्ह्यात दांडेलीच्या कागद कारखान्याला सरकार टनाला दीड रुपया दराने बांबू देत असे. सत्तरच्या दशकात बांबू संपत चालला, तेव्हा टोपल्या विणणाऱ्या बुरुडांनी तक्रार केली आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांकडे अभ्यासाचं काम आलं. दोष गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर टाकला जात होता. रानात मात्र वेगळंच दिसलं. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं दाट जाळं असतं. ते काढलं की बेट जोमाने वाढेल, अशा समजुतीने बेटं साफ केली जात होती. काटे गेले आणि पावसाळ्यात फुटणारे कोवळे कोंब साळिंदर, माकडं, गुरं यांच्या तोंडी पडले. काटे का ठेवायचे, हे गावकऱ्यांना पक्कं माहीत होतं. त्यांना विचारायला कुणी गेलं नव्हतं, एवढंच.

गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाभोवतीचा बांबूही असाच कागद कारखान्यासाठी जायचा. या गोंड गावाने त्याला विरोध केला. ऐंशीच्या दशकात इचमपल्ली धरणाविरुद्धच्या ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनातून इथली माणसं घडली होती. गावाचे नेते देवाजी तोफा त्यांतलेच. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. ग्रामसभा इथे बहुमताने निर्णय घेत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसते. २००९मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही कापलेला बांबू गावाबाहेर न्यायचा वाहतूक परवाना वनखातं देईना. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत गावातच तो अधिकार ग्रामसभेला मिळाला. त्यानंतर ग्रामसभेने स्वतः बांबू काढून विकला, मजुरी गावातच राहिली आणि जंगल उभंच आहे. पुढच्या वर्षी त्याच रांजीतून, म्हणजे बांबूच्या बेटातून, बांबू काढायचा असतो, म्हणून हात जपून चालतो. गठ्ठ्यामागे पैसे मिळणाऱ्या, बाहेरून आणलेल्या मजुराला ती काळजी कशाला असेल?

राहिली ती दहा झाडं. १९७४मध्ये चिपको आंदोलनात गढवालातल्या रेणी गावात गौरादेवी आणि तिच्या सोबतच्या बायका ठेकेदाराच्या माणसांपुढे झाडांना बिलगून उभ्या राहिल्या. त्याच वर्षी महाराष्ट्रात वन विकास महामंडळ स्थापन झालं आणि विदर्भात मिश्र जंगल सरसकट कापून तिथे सागाची लागवड होऊ लागली. कागदावर झाडांची संख्या वाढलेली दिसेल. पण सागाखाली चारोळी मिळत नाही, मोहफुलं पडत नाहीत, तेंदूपत्ता मिळत नाही. गुरंसुद्धा सागाच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. मोहाचंच रोप लावलं तरी फुलं पडायला दहाएक वर्षं जातात, आणि भरपूर फुलं मिळायला त्याहून कितीतरी जास्त. तोवर फुलं वेचून उन्हाळा काढणाऱ्या घरांनी काय करायचं, याबद्दल त्या मेसेजमध्ये एक ओळ नाही.