मुरवलेला पेंढा आणि युरियाची भीती: कळव्याच्या दादांना उत्तर

दादा, युरियाच्या पाण्याने पेंढा मुरवून गुरांना घालण्यावरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, "युरिया हे शेतात टाकायचं खत. तेच म्हशीला घालायला सांगता? दूध पिणाऱ्या पोरांचा तरी विचार करा. आमचे वडील नुसत्या पेंढ्यावर गुरं सांभाळत." तुमचा तबेला आहे, हा राग काळजीपोटी आलाय. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी माझी चूक. लेखात मी 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया आणि 50 लिटर पाणी हे प्रमाण दिलं, पण युरिया कालवलेली बादली गुरांच्या तोंडाशी येऊ देऊ नका, हे सांगायचं राहिलं. ते पाणी म्हैस प्यायली तर कोटीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या गुरांच्या पहिल्या मोठ्या पोटात, एकदम अमोनिया सुटतो. अंग थरथरतं, पोट फुगतं, जनावर दगावतंही. तुमची भीती इथे अगदी खरी आहे. ती ओळ लेखात आज घातली.

मुरवलेल्या पेंढ्याचं तसं नाही. थर लावून, पाणी शिंपडून, तुडवून, प्लास्टिकखाली हवाबंद 21 दिवस ठेवला की बराचसा युरिया तिथेच अमोनिया होऊन जातो. तो काडी टणक करणाऱ्या लिग्निनची पकड सैल करतो, मग कोटीपोटातल्या जंतूंना काडी फोडता येते. पेंढ्यात मुरलेल्या अमोनियातून हेच जंतू प्रथिनं बनवतात आणि ती पुढे म्हशीच्या अंगी लागतात. भाताच्या साध्या पेंढ्यात प्रथिनं जेमतेम 3-4 टक्के असतात, मुरवल्यावर ती 7-8च्या घरात जातात. मात्र काढलेला पेंढा तासभर पसरून वास उडू द्यायचा, मगच गव्हाणीत टाकायचा. सुरुवात थोड्याने करायची. सहा महिन्यांच्या आतल्या पारड्यांना मुळीच द्यायचा नाही, त्यांचं कोटीपोट पुरतं तयार नसतं.

दुधात युरिया थोडाफार असतोच, युरियाचा कण न खाल्लेल्या म्हशीच्याही. जास्तीच्या अमोनियाचा यकृत युरिया करतं, त्यातला काही दुधात उतरतो. सरकारी मर्यादा 100 मिलीला 70 मिलिग्रॅम आहे. प्रथिनं जास्त आणि ऊर्जा कमी झाली तर तो वाढतो, म्हणून मुरवलेल्या पेंढ्यासोबत पेंडीचा मारा नको, थोडा भरडा हवा.

वडिलांचं म्हणाल, तर आमच्या मुरबाडच्या घरीही डांगी बैलांना पेंढाच असायचा. पण पावसाळाभर ते रानात चरत, आणि तरीही वैशाखात त्यांच्या बरगड्या मोजता येत. लहानपणी मला ते बघवत नसे. तुमची मुऱ्हा म्हैस दावणीलाच उभी असते आणि तिच्याकडून आपल्याला रोज आठ-दहा लिटर दूध हवं असतं.

सगळ्या म्हशींना लगेच नका देऊ. भात झोडल्यावर नवा पेंढा आला की 100 किलोच मुरवा आणि दोन भाकड म्हशींना घालून बघा. तुमच्या पशुवैद्यकांना आधी विचारा. थर लावायच्या दिवशी मी ठाण्याहून येते, प्रमाण आपण दोघं मोजू.