चहाच्या आधणात बंध तुटत नाहीत

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या दहावीच्या पालकांच्या ग्रुपवर चार दिवस एकच फॉरवर्ड फिरतोय: ‘सहसंयुज बंधात अणू इलेक्ट्रॉन निम्मे-निम्मे वाटून घेतात. हा बंध कच्चा, म्हणून पाणी उकळलं की तुटतो. आणि तुटला की त्यात साठलेली ऊर्जा बाहेर पडते.’ खाली बावीस अंगठे. मी शिकवण्या घेते, त्यामुळे गप्प बसवलं नाही.

आधी ते ‘निम्मे-निम्मे’. पुस्तकातला शब्द संदान आहे, वाटणी नव्हे. जुन्या वाड्यातल्या सामाईक नळासारखं: नळ दोघांचा, पण ज्याचं बिऱ्हाड जवळ त्याची बादली आधी भरते. हायड्रोजनच्या रेणूत दोन्ही अणू सारखे, तिथे ओढ समसमान. पाण्यात मात्र ऑक्सिजनची विद्युतऋणता, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची ताकद, 3.44, हायड्रोजनची 2.20. इलेक्ट्रॉनची जोडी ऑक्सिजनकडे झुकते आणि रेणूला धन-ऋण टोकं येतात.

त्या टोकांमुळेच शेजारचे रेणू एकमेकांना धरून असतात. आधण उकळतं तेव्हा ही शेजाऱ्यांची पकड सुटते. रेणूच्या आतला बंध जागच्या जागी. 18 ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण 41 किलोजूल लागतात; त्याच पाण्यातले सगळे बंध तोडायला नऊशेच्या वर. उकळताना खरंच बंध तुटले असते तर चहाच्या पातेल्यातून हायड्रोजन निघाला असता, तोही पेटत्या शेगडीवर! आणि कच्चा बंध म्हणे. हिरा सगळा सहसंयुज बंधांचाच असतो.

तिसरी चूक सगळ्यात चिवट. बारावीची मुलंही करतात. बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते, जुळताना ती बाहेर पडते. पाइप गॅसमधला मिथेन घ्या. 16 ग्रॅम मिथेन आणि त्याला लागणारा ऑक्सिजन यांचे बंध तोडायला सुमारे 2650 किलोजूल खर्च. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याचे नवे बंध जुळताना सुमारे 3450 मिळतात. मधले 800 तुमचा कुकर तापवतात. म्हणजे कमाई जुळण्याची. तोडण्याचा फक्त खर्च. तो सुरुवातीचा खर्च भागवायलाच लायटरची ठिणगी लागते. पुढचं ज्योत स्वतःच बघते. बंध तुटून ऊर्जा मिळत असती तर लायटर घ्यायची गरजच नव्हती.