‘खरा डीजे विनाइलवरच’ हे म्हणणं टिकत नाही

डीजे मंडळींमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय, आता तो रील होऊन पुन्हा आलाय. म्हणणं थोडक्यात असं: विनाइलवर, म्हणजे रेकॉर्डच्या तबकड्यांवर, वाजवतो तोच खरा डीजे. बाकीचे दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारं सिंकचं बटण दाबून हात वर करतात. विनाइलचा आवाज अखंड, डिजिटलचा पायऱ्यापायऱ्यांचा. ही कला रेकॉर्डवर जन्मली, म्हणून रेकॉर्डवरच ती अस्सल राहते. आणि रेकॉर्डची पेटी उचलणाऱ्याला गाणी निवडावी लागतात, पेनड्राइव्हवाल्याला नाही.

मी टर्नटेबलवरच शिकलो आणि घरी आजही रेकॉर्डच लावतो. म्हणूनच हे मनाला लागतं. ज्या गोष्टीवर माझा जीव आहे, तिच्या नावावर चुकीचं सांगितलं जातंय. नव्याने शिकणारी मुलं ते ऐकतात आणि आपल्याकडे टर्नटेबल नाही म्हणजे आपण खोटे, असं धरून बसतात.

आधी सिंक. दोन गाण्यांची लय जुळवणं हे विनाइलवर खरोखर मेहनतीचं काम आहे, ते मी कमी लेखणार नाही. टेक्निक्सच्या एसएल-1200 एमके2 या टर्नटेबलची वेग बदलणारी पिच पट्टी उणे आठ ते अधिक आठ टक्के सरकते. म्हणजे 120 बीपीएमचं, मिनिटाला 120 ठोक्यांचं गाणं साधारण 110 ते 130 च्या दरम्यान नेता येतं. एका कानाला हेडफोन, दुसऱ्या कानात हॉलचा आवाज, बोट रेकॉर्डच्या कडेवर. हे अंगवळणी पडायला महिने लागतात. पण एकदा पडलं की सायकलसारखं असतं. वीस वर्षं वाजवणारा माणूस बीट जुळवण्यात किती डोकं घालतो? फारच थोडं. त्याचं लक्ष असतं पुढे काय लावायचं, कधी लावायचं आणि समोरची माणसं दमलीत की तापलीत, याकडे.

सिंक काय करतं तेही पाहू. सॉफ्टवेअर गाणं आधी तपासून त्यावर बीटची जाळी आखतं आणि दोन जाळ्या एकमेकींवर बसवतं. मशीनवर वाजवलेल्या टेक्नो-हाउसला हे चोख बसतं. पंचमच्या, म्हणजे आर. डी. बर्मनच्या, काळातलं हिंदी गाणं घ्या. अख्खा वाद्यवृंद एकत्र बसून वाजवतोय, कानात लय धरून देणारी क्लिक नाही, अंतऱ्याला लय जराशी चढते. तिथे जाळी सरकते. आठव्या-दहाव्या ओळीला ढोलक एकीकडे आणि दुसऱ्या गाण्याच्या ड्रमची किक दुसरीकडे. मग जाळी हाताने आखावी लागते, कडव्याकडव्याला, घरी बसून, कानाने. सहा मात्रांच्या दादऱ्याच्या अंगाने जाणारं कोळीगीत असेल तर आणखी पंचाईत, कारण बहुतेक सॉफ्टवेअर चार-चारचे गट धरून चालतं. त्याला मात्रा मोजता येतात, सम कळत नाही. समेवर आणून सोडणं हे डीजेचंच काम राहतं आणि तिथे चुकलं की समोरचे पाय थांबतात.

शिवाय विनाइलवर वेग वाढवला की सूरही चढतो. सहा टक्के वाढवा, काळी एकचं गाणं पांढरी दोनच्या जवळ जातं. डिजिटलमध्ये सूर जागेवर ठेवून वेग बदलता येतो. त्यामुळे दोन गाणी सुरात मिळतात का, हा प्रश्न आता टाळता येत नाही. एक काम हलकं झालं, तर दुसऱ्या कामाची जबाबदारी वाढली.

आवाजाचा मुद्दा लवकर संपतो, कारण ‘पायऱ्यां’चं चित्रच चुकीचं आहे. सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये सेकंदाला 44,100 नमुने असतात. त्यातून सुमारे 22,000 हर्ट्झपर्यंतची लहर पुन्हा उभी राहते आणि माणसाचा कान 20,000 च्या पलीकडे जात नाही. कन्व्हर्टरमधून स्पीकरकडे जाते ती सलग लहर, त्यात पायऱ्या नसतात. मर्यादा रेकॉर्डलाही आहेत. 33⅓ च्या गतीने फिरणाऱ्या बारा इंची रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 51 सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम 21. म्हणून शेवटच्या गाण्यात झांजा आणि ‘स’चे उच्चार चरचरतात. खालचा बेस डाव्या-उजव्या दोन्ही स्पीकरना सारखा ठेवावा लागतो, नाहीतर सुई उडण्याची भीती. आणि ज्या रेकॉर्डला ‘अखंड अॅनालॉग’ म्हणून डोक्यावर घेतात, तिचं मूळ ध्वनिमुद्रण गेल्या कित्येक वर्षांत बहुधा डिजिटलच असतं. 2022 मध्ये अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या महागड्या रेकॉर्डही मधल्या टप्प्यावर डिजिटलमधून गेल्याचं उघड झालं, तोपर्यंत भल्याभल्या कानांनी त्या शुद्ध अॅनालॉग म्हणून वाखाणल्या होत्या. विनाइलचा आवाज मला आवडतो. तो त्याच्या मर्यादांसकट आवडतो, खरेपणाचा दाखला म्हणून नाही. व्हिडिओवरून उतरवलेली 128 केबीपीएसची, दाबून लहान केलेली फाइल मोठ्या सिस्टिमवर पत्र्यासारखी वाजते हे मान्य, पण तो फाइल आणणाऱ्याचा आळस.

आता ‘कला रेकॉर्डवर जन्मली’. जन्मली, यात वाद नाही. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, 1520 सेजविक अॅव्हेन्यूच्या इमारतीत कूल हर्क या डीजेने पार्टी वाजवली. एकाच गाण्यातला तालाचा तुकडा दोन प्रतींवर आलटूनपालटून लांबवण्याची त्याची रीत तिथून पसरली. पण त्या माणसांनी काय केलं ते नीट बघा. थेट मोटरवर फिरणारं टर्नटेबल तेव्हा ताजं तंत्रज्ञान होतं, 1972 चं एसएल-1200 घरात निवांत ऐकायला बनवलं होतं. त्याच काळातला डीजे ग्रँडमास्टर फ्लॅश हा इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला पोरगा. पुढची रेकॉर्ड हेडफोनवर आधी ऐकता यावी म्हणून त्याने स्वतः स्विच जोडून घेतला, तुकडा कुठे सुरू होतो ते कळावं म्हणून रेकॉर्डवर मेणाच्या खडूने खुणा केल्या. आज त्या खुणेला आपण क्यू पॉइंट म्हणतो. हाताला येईल ते यंत्र आपल्या कामाला वळवायचं, हीच या कलेची पहिली सवय आहे.

आणि गोव्याचं काय? 1980 च्या दशकात अंजुणा-वागातोरच्या किनाऱ्यावर ज्या पार्ट्या चालायच्या, तिथे विनाइलचा टिकाव लागणं कठीण होतं. उन्हाने रेकॉर्ड वाकते, वाळू खाचेत बसते आणि देशोदेशी फिरणारा माणूस पेट्या वाहणार कशा? तिथले डीजे कॅसेटवर वाजवत. पुढे 1987 मध्ये सोनीची डॅट आली, तेव्हा डॅटवर. डॅट ही डिजिटल टेप. त्या मशीनवर पिच हलवायची सोय नसायची, म्हणजे विनाइलसारखं बीट जुळवणं जवळपास अशक्य. मग एका गाण्याची ताल नसलेली शेपटी आणि दुसऱ्याची ताल नसलेली सुरुवात एकमेकींवर पसरायची. लांबलचक सुरुवाती आणि सावकाश विरत जाणारे शेवट त्या संगीताला शोभले आणि त्याच्या अंगात मुरले. नव्वदच्या दशकात ते ‘गोवा ट्रान्स’ म्हणून युरोप, इस्राएल, जपानपर्यंत गेलं. 2023 मध्ये वारलेला तिथला डीजे गोवा गिल जग सीडीवर गेल्यावरही डॅटच वाजवत राहिला, एकेक सेट चोवीस-चोवीस तासांचा. ‘विनाइल नाही तर डीजे नाही’ हे खरं मानलं, तर आपल्या शेजारच्या किनाऱ्यावर घडलेला हा अख्खा अध्याय पुसावा लागेल.

किनाराच कशाला, पुण्याबाहेरच्या एका लॉनवर लग्नाला मी हौसेने टर्नटेबल नेली होती. स्टेज फळ्यांचं. वरातीतली पोरं चढली, नाचायला लागली आणि सुई उड्या मारायला लागली. सुई बसते त्या हेडशेलवर एक रुपयाचं नाणं चिकटवलं, खाली फोमचे तुकडे सारले. मग बेस वाढवला तर आर्ममधूनच घुमायला लागलं. नवऱ्या मुलाचा मामा दोनदा येऊन बघून गेला. अर्ध्या तासाने मी लॅपटॉप उघडला. त्या रात्री मी काही कमी डीजे झालो नाही.

दोन्हींची सांगड घालणारी गोष्ट तर या दाव्यात येतच नाही. टर्नटेबलवरून लॅपटॉपमधली गाणी चालवणारं सॉफ्टवेअर, फायनल स्क्रॅच आणि पाठोपाठ 2004 मध्ये सेराटो, आलं. त्यांच्या रेकॉर्डवर गाणं नसतंच. साध्या अॅम्प्लिफायरला लावली तर नुसती एकसुरी शिट्टी ऐकू येते. ती शिट्टी ऐकून सॉफ्टवेअर ओळखतं की सुई कुठे आहे, हात किती वेगाने आणि कुठल्या दिशेने फिरतोय. मग लॅपटॉपमधलं गाणं त्या हाताबरोबर चालतं. स्क्रॅच करणाऱ्याची मनगटं तीच, रेकॉर्डखालची स्लिपमॅट तीच, चूकही तितकीच उघडी पडते. हा माणूस कुठल्या बाजूचा?

निवडीच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. पेटीत साठ-सत्तर रेकॉर्ड मावतात, त्यामुळे घरून निघतानाच विचार करावा लागतो. पेनड्राइव्हवर दहा हजार गाणी घेऊन गेलेला नवखा डीजे स्क्रीनवर बोट फिरवत राहतो आणि समोरची गर्दी पाणी प्यायला निघून जाते. हे मी पाहिलंय. पण त्याच्या उलट बाजूही आहे. आपल्याकडे गाणी यायची ईपी आणि एलपीवर, डीजेला लागणारी, एकच गाणं मोठ्या रेकॉर्डवर असलेली बारा इंची सिंगल हाती लागणं मुश्कील. परदेशातून मागवायची तर एकेका रेकॉर्डला खिसा रिकामा. इचलकरंजीच्या पोराने लावणीला नवा ठेका लावून रात्री दोन वाजता फाइल तयार केली, तर ती पहाटेच्या मिरवणुकीत वाजू शकते. विनाइलची अट घातली की आधी तोच बाहेर जातो.

शिकायला येणाऱ्यांना मी दोन गोष्टी करायला लावतो. एका कार्यक्रमाला साठच गाण्यांचं फोल्डर, त्याबाहेर जायचं नाही. आणि पहिले तीन महिने स्क्रीनवरच्या बीपीएमच्या आकड्यावर काळी चिकटपट्टी. परवा एकीने पट्टी काढू का म्हणून विचारलं. तिला म्हटलं, काढ. तिने काढली, आकड्याकडे एकदा पाहिलं आणि हेडफोन पुन्हा कानाला लावला.