सगळ्यालाच 'बदनामी'?

भाची स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. काल तिचं इंग्रजी शब्दसंग्रहाचं गाईड चाळलं आणि डोकंच फिरलं. डिसग्रेस म्हणजे बदनामी. इग्नॉमिनी, बदनामी. इन्फमी, बदनामी. ओडियम, शेम, डिसऑनर, पुन्हा बदनामी! त्यावर पिवळ्या हायलायटरचे पट्टे मारून पोरगी महिनाभर हे घोकतेय. साडेतीनशे रुपये घेतात याचे!

सराव पेपरात गाळलेली जागा होती: पहिल्याच फेरीत हरण्याची ____ संघावर आली. तिनं इन्फमी निवडलं, उत्तर होतं इग्नॉमिनी. मार्क गेला. "मामा, दोन्हींचा अर्थ एकच आहे ना?" म्हणाली. तिची काय चूक?

अरे, एकच कसा असेल? डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला आपला डाव ३६ धावांत आटोपला, ती इग्नॉमिनी. तिला मराठीत 'नामुष्की' हा नेमका शब्द आहे, खेळाच्या पानावर सतत दिसतो. पुढे मालिका २-१ जिंकली आणि ती नामुष्की धुऊन निघाली. इन्फमी अशी धुऊन निघत नाही. पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावरच्या जपानी हल्ल्यानंतर ८ डिसेंबर १९४१ च्या भाषणाच्या मसुद्यात अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आधी हा दिवस 'जगाच्या इतिहासात' राहील असं म्हटलं होतं. ते खोडून स्वतःच्या हातानं 'इन्फमी' लिहिलं. हल्ल्याचा तो दिवस काळ्या अक्षरांतच उरणार, हे त्यांना सांगायचं होतं. युद्ध तोंडावर असताना तो माणूस एका शब्दासाठी खाडाखोड करतो, आणि तुम्हाला गाईड छापताना पाच मिनिटं विचार करवत नाही?

ओडियम म्हणजे लोकांच्या मनातला तिटकारा. डिसग्रेसमध्ये माणूस मर्जीतून, मानातून उतरतो. शेम तर चारचौघांना न कळताही आतल्या आत जाळते. आणि बँकेत चेक डिसऑनर होतो तेव्हा तो वटलेला नसतो, इतकंच. तिथे बदनामी कुठून आली?

संताप याचा येतो की मराठीत शब्द नाहीत असं नाहीच. नाचक्की, बेअब्रू, दुष्कीर्ती, मानहानी, छी-थू. लग्नात जेवण कमी पडलं की यजमानाची नाचक्की होते. त्याला बदनामी कुणी म्हणत नाही. हे आमच्या आजीला कळत होतं, गाईडवाल्यांना कळत नाही!

रात्री पेन घेऊन बसलो. 'बदनामी' खोडून प्रत्येकापुढे नीट अर्थ लिहिला, एकेक वाक्यही. एका पानाला पाऊण तास लागला. अशी दोनशे पानं आहेत, आणि तिचा पेपर रविवारी आहे.