लेडीज इंजिनियरची आयडिया कशी जिरवावी

संभाजीनगरच्या एमआयडीसीत वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, कुठंही तुमच्या कारखान्यात, शॉपवर चुकून एखादी पोरगी इंजिनियर म्हणून लागली असंल आणि वरून तिला डोकं पण असंल, तर साहेब, घाबरू नका. उपाय हैत.

आल्या आल्या तिला डॉक्युमेंटेशनला बसवा. पोरींचं अक्षर छान असतं ना!

सेफ्टी शूज मागितले की आठ नंबरच काढून द्या, पुढं कापूस कोंबंल ती.

लेडीज टॉयलेट फक्त ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये ठेवा, म्हणजे "मॅडम जागेवरच नसतात" म्हणायला तुम्ही मोकळे.

२०१३ च्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याची कमिटी नोटीसबोर्डावर लावा. मेंबर कंपनी सोडून गेले तरी कागद तोच ठेवा, कोण वाचायलंय.

रात्रपाळीचं तर लई सोपं. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टात बायकांना संध्याकाळी ७ नंतर मनाई होती. आता बाईची तयारी असंल आणि कंपनीनं सोय केली तर चालतं, पण सोय म्हणजे गाडी आली, गार्ड आला, खर्च आला. त्यापेक्षा "कायद्यात बसत नाही" हेच चालू ठेवा आणि प्रमोशनच्या वेळी "थर्ड शिफ्टचा अनुभव नाही" म्हणून तिलाच कापा.

आता मेन गोष्ट, आयडिया. ती मीटिंगमध्ये बोलायला लागली की मोबाईल काढायचा. समजा ब्रॅकेट ड्रिलिंगच्या फिक्श्चरमध्ये, म्हणजे पार्ट धरून ठेवणाऱ्या साच्यात, उलटं बसतंय, होल भलत्याच बाजूला पडायलंय, कस्टमरकडून डेबिट नोट, म्हणजे खराब मालाचे पैसे कापल्याचा कागद, आलीय आणि तुम्ही दरवेळी कारणात "ऑपरेटरचं लक्ष नव्हतं", उपायात "ट्रेनिंग दिले" लिहून सही ठोकताय. ती म्हणते, सर, पार्टला एका बाजूला खाच आहे, तिथं फिक्श्चरवर एक पिन मारू, पार्ट उलटा ठेवला तर बसणारच नाही. तुम्ही म्हणायचं, "मॅडम, हे शॉप आहे, कॉलेजचा प्रोजेक्ट नाही." मग तिनं जेवणाच्या सुट्टीत टूलरूमच्या मामांना विनवण्या करून भंगारातल्या रॉडची पिन टर्न करून घ्यायची, स्वतः बसवायची, हात काळे करायचे, आणि उलटे पार्ट बंद झाले की सुपरवायझरनं त्याचाच फोटो काढून 'आधी' आणि 'नंतर' करून स्वतःच्या नावानं कायझेनला, म्हणजे कंपनीच्या सुधारणांच्या स्पर्धेला, टाकायचा, आणि बक्षीस! पहिलं! आणि बक्षीस वाटपाला बुकेचा ट्रे कोणाच्या हातात द्यायचा? माझ्या. "मॅडम, साडी घालून या, फोटो चांगला येतो." मागच्या आठवड्यात हे झालंय, आणि टाळ्या वाजवणाऱ्यातल्या निम्म्यांना माहिती होतं पिन कोणी मारली ते. मामा तेवढे खाली बघत होते.

आणि वर एचआरचा मेल, "महिलांकडून नावीन्यपूर्ण सूचना कमी येतात, सहभाग वाढवावा." कमी येतात? येतात हो, तुमच्या नावानं येतात! आठ मार्चला गुलाब देता, रांगोळी काढून घेता आणि ड्रॉईंगवर माझं नाव टाकायला तुमचा पेन चालत नाही. जरा लाज वाटू द्या. पुढच्या महिन्यात कस्टमर ऑडिट आहे, तो विचारणार की पिन झिजली तर किती एमएमला बदलायची. ते त्या कायझेनच्या शीटवर लिहिलेलं नाही, आणि मला इचारायला येऊ नका.